दानीची करडगी

दाक्षायणीला वेड लागलंय, ही बातमी भवानी पेठेत पहिल्यांदा कुणी उठवली ते आज कुणी कबूल करत नाही. तेव्हा सांगायला सगळी गल्ली होती. आता विचारलं तर जो तो शेजारच्या दाराकडं बोट दाखवतो. मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही, असं म्हणतात ते खरंच आहे. पण दाक्षायणीनं शेवटी काही जणांची तोंडं धरलीच, आणि तीही एका दुपारीत. म्हणून तिची गोष्ट सांगायची.

तिचं घर शोधायला पाटी लागत नाही. जिथून सकाळी भाकरी थापल्याचा आवाज येतो ते घर. ज्वारीची, बाजरीची कागदासारखी पातळ भाकरी थापायची, तव्यावर भाजायची आणि मग मंद आचेवर अशी वाळवायची की महिनोन्महिने टिकावी. हीच सोलापूरची कडक भाकरी. दुपारी शेंगाचटणी. भाजलेले दाणे, लसूण, तिखट, मीठ उखळात घालून तेल सुटेपर्यंत कांडायचं. मिक्सरवर फिरवलेली चटणी कुणी पुढ्यात ठेवली तर दाक्षायणी ताट सरकवते आणि म्हणते, "ह्याला चटणी न्हाय, भुकटी म्हणत्यात." हाताखाली राजाबाई. ही दक्षिणेकडच्या एका वस्तीवरची धनगराची विधवा, शेरडं विकून शहरात आलेली. शेरडांना हाका मारून कमावलेला आवाज तिनं इथं आल्यावरही कमी केला नाही. दोघी बोलायला लागल्या की गल्लीला रेडिओची गरज नसे.

दाक्षायणीचं माहेर मैंदर्गी. घरात सगळं बोलणं कानडी. लग्न होऊन आली तेव्हा मराठीत "तो म्हैस" आणि "ती बैल" म्हणायची, आणि कुणी हसलं तर त्यालाच उलटं दरडावायची, "कळलं न्हवं तुमाला? मग झालं की." तिचा नवरा शरणप्पा मार्केट यार्डात कांद्याच्या एका अडत दुकानात दिवाणजी. गरीब गाय. दिवसभर लिलावाच्या आरडाओरड्यात बसून घरी येई आणि घरात शब्द काटकसरीनं वापरी. त्याच्या अंगाला कांद्याचा वास होता, तो आंघोळीनंही जात नसे. दाक्षायणी म्हणायची, अंधारात हजार माणसं उभी केली तरी माझा माणूस मी हुडकून काढीन.

लग्नानंतर बरीच वर्षं पाळणा हलला नाही. पुढं दिवस राहिले तेव्हा सासूनं जुना रिवाज उकरून काढला. लिंगायत माणसाच्या गळ्यात त्याचं स्वतःचं लिंग असतं, इवलंसं, चांदीच्या करडगीत म्हणजे डबीत ठेवलेलं. जन्मल्यावर मिळतं आणि मातीत जाताना त्याच्याच हातात दिलं जातं. ते दुसऱ्याला देत नाहीत, दुसऱ्याचं आपण घालत नाहीत. पण गरोदर बाईच्या गळ्यात आठव्या महिन्यात आणखी एक लिंग बांधायचं, पोटातल्या जिवाचं, असा रिवाज आहे. बाळ जन्मलं की त्याचं त्याला. हल्ली किती घरात पाळतात कोण जाणे, पण सासूच्या हट्टापायी घराण्याचे जंगम ईरय्या स्वामी आले आणि त्यांनी दाक्षायणीच्या गळ्यात दुसरी करडगी बांधली. तिनं कूस बदलली की दोन डब्या एकमेकींना लागायच्या. तिला तो आवाज फार आवडायचा.

मुलगी झाली. नाव दानेश्वरी, घरात दानी. दात येत होते तेव्हा पोरीनं हाताला लागेल ते चावलं. गळ्यातली करडगीही चावली. झाकणावर दाताच्या खुणा उमटल्या आणि बिजागरी ढिली झाली. तेव्हापासून पोरगी हलली की टिक, धावली की टिकटिक. रविवारी ती बापाचं बोट धरून यार्डात जायची आणि परत येताना पायऱ्यांवर टिकटिक ऐकू आली की दाक्षायणी पीठ मळता मळता विचारायची, "बंद्या?" म्हणजे कानडीत, आलीस का? पायऱ्यांवरून उत्तर यायचं, "बंदे, अव्वा." आले, आई.

सोनाराकडून बिजागरी नीट करून घेऊ, असं दाक्षायणी कैक वेळा म्हणाली. दानी मोठी झाली, कॉलेजात गेली, भाकरीच्या ऑर्डरी मोबाइलवरून घ्यायला लागली, आईच्या मराठीवर हसायला लागली, पण करडगी तिनं दुरुस्त करू दिली नाही. "ऱ्हाऊ दे की अव्वा. मी कुटं हाय ते तुला न बगताच कळतं."

एका पावसाळ्याच्या शेवटी तिला ताप आला. डेंग्यू. दवाखान्यातल्या लोकांनी करायचं ते सगळं केलं, त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. पण पोरगी गेली. दवाखान्यात अंगावरचं सगळं काढून शरणप्पाच्या हातात दिलं होतं, त्यात ती करडगीही होती.

लिंगायतात माणसाला जाळत नाहीत. खड्ड्यात मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर त्याचं लिंग ठेवतात, विभूती आणि बेलाची पानं टाकतात आणि माती लोटतात. रुद्रभूमीच्या फाटकाशी दाक्षायणीला तिच्या मोठ्या नणंदेनं, महेश्वरीअक्कानं, दोन्ही हातांनी धरून ठेवलं. "बायकांनी म्होरं जायाचं नसतं," अक्का म्हणाली. ही अक्का वैरागला दिलेली, घरात तिचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. दाक्षायणीला माती पडल्याचा आवाज तेवढा ऐकू आला. तिथूनच तिचे कान उघडले, असं राजाबाई आजही सांगते.

पहिल्यांदा लसूण. सोललेल्या लसणाचा वास तिला टोचायला लागला, नाकातून डोळ्यांच्या मागं जाऊन बसायला लागला. मग तिखट. मग मंद आचेवर वाळणाऱ्या भाकरीचा वास, जो तिला आयुष्यभर कधी आलाच नव्हता. मग कान. पिठाच्या डब्यात एक किडा होता, तो चालल्याचं तिला ऐकू आलं. तिनं राजाबाईला डबा उघडायला लावला आणि किडा निघाला. राजाबाई हसली. दुसऱ्यांदा निघाला तेव्हा हसली नाही. पलीकडच्या पेठेतले यंत्रमाग जसे काही उशाशी चालले होते. शेजारणीच्या घरात दूध तापवलं तर ते उतू जाण्याआधी हिला कळायचं. लुगड्याची नवीन घडी अंगाला लागली तर कातडी सोलल्यासारखं व्हायचं, म्हणून तिनं जुनी, विरलेली तेवढीच नेसायला काढली.

मुसळाचा प्रत्येक घाव तर थेट डोक्यात. राजाबाई म्हणाली, "वैनी, तुमी बाजूला बसा. मी कांडती."

"का? माजे हात मोडल्यात व्हय?"

"कानाला सोसंना तुमच्या."

"कान माजे हायत. त्यांनी मला हाकलायचं का मी त्यांना?" असं म्हणून तिनं मुसळ उचललं. डोळ्यांतून पाणी गळत होतं, दात करकर वाजत होते, पण उखळातलं तेल सुटेपर्यंत ती थांबली नाही. तिचा स्वभावच तसा. समोर भिंत आली तर वळसा घालायचा, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

एवढ्यावर निभावलं असतं. पण मग एका संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी टिक झालं.

दाक्षायणी तव्यापाशी होती. हातातली भाकरी हातातच राहिली. टिक, टिक. पानपट्टीपाशी आलं, नळापाशी आलं, पायऱ्या चढलं. ढिल्या बिजागरीचा आवाज. लाख आवाजांत तो तिनं ओळखला असता. शरणप्पा दारात येऊन चपला काढत होता. त्याच्या मागं कुणी नव्हतं. टिक मात्र आत आलं.

"बंद्या?" तिनं विचारलं.

शरणप्पाच्या हातातून पिशवी पडली. त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि पाय धुवायला मोरीत गेला. उत्तर आलं नाही. पण टिक घरात होतं. जेवताना होतं. दिवे मालवले तरी होतं, बाहेरच्या खोलीत, संथ लयीत, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखं. दाक्षायणीच्या अंगावर काटा आला. आपण भ्यायलो, याचाच तिला संताप आला. आपल्या पोटच्या पोरीला भ्यायचं? ती उठून बाहेरच्या खोलीच्या उंबऱ्यात बसली आणि अंधाराला म्हणाली, "ये. घर तुजंच हाय. भिऊ नगं, मीबी भेत न्हाय."

सकाळी शरणप्पा यार्डात गेला आणि टिकही पायऱ्या उतरून गेलं. संध्याकाळी त्याच्याबरोबर परत आलं. रोजचंच झालं. दाक्षायणीनं त्याचा अर्थ लावला तो आईनं लावावा तसा. पोरगी लहानपणी रविवारी बापाचं बोट धरून यार्डात जायची, तशीच जाते आणि तशीच येते. कधीकधी तिच्या साबणाचाही वास यायचा, कांद्याच्या वासाच्या खाली कुठंतरी, अगदी पुसट. मग दाक्षायणीनं तिसरं ताट मांडायला सुरुवात केली. ताट वाढलेलं तसंच राहायचं आणि शरणप्पा मान खाली घालून घास गिळायचा. एकदाही तो म्हणाला नाही की हे ताट उचल. एकदाही म्हणाला नाही की मांड.

गल्लीला एवढं पुरे होतं. ताटाची गोष्ट दळणाच्या गिरणीत गेली, गिरणीतून सगळीकडं गेली. भाकरीच्या नेहमीच्या बायका पिशवी घेऊन दाराबाहेरच उभ्या राहायला लागल्या. दाक्षायणी त्यांना आतून ओरडून सांगायची, "आत या की! ती चावत न्हाय कुणाला. लहानपणी चावायची, आता सोडलंय." बायका पिशवी टाकून पळायच्या आणि हिला वर हसू यायचं. ते हसू ऐकून लोकांची खात्री आणखी पक्की झाली.

शरणप्पानं तिला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाई भल्या होत्या. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, म्हणाल्या, दुःखात काहींचे कान-डोळे असे जागे होतात, कमी होईल हळूहळू. झोपेच्या गोळ्या दिल्या. दाक्षायणीनं त्या नेमानं घेतल्या. तिला झोप लागायला लागली, लसणाचा वासही थोडा सौम्य झाला. पण जाग आली की टिक जागच्या जागी. तिनं डॉक्टरीणबाईंना तसं सांगितलंही, "बाई, तुमचं औषध चांगलं हाय. आवाज मातुर खरा हाय." बाईंनी शरणप्पाकडं पाहिलं. त्यानं मान हलवली, नाही म्हणून. आवाज वगैरे काही नाही म्हणून.

ती मान तिच्या लक्षात राहिली.

उन्हाळा वर आला तेव्हा महेश्वरीअक्का वैरागहून आली ती निर्णय घेऊनच. तिनं मैंदर्गीला निरोप धाडून दाक्षायणीच्या भावाला, बसवेशला, गाडी घेऊन बोलावलं. ईरय्या स्वामींनाही बोलावलं. रविवारी दुपारी सगळे सोप्यात बसले. शरणप्पा दाराला टेकून उभा. बाहेर ऊन मी म्हणत होतं. राजाबाई आत चुलीपाशी बसून भाकऱ्या थापायचं सोंग करत होती, एक भाकरी दहादा थापत होती.

अक्कानं वळणं घेतली नाहीत. "हे बग दाक्षायणी. पोरगी गेली, आमाला का दुःख न्हाय? पन घरात मेलेल्या माणसाला ताट वाडतीस, लोक तोंडात शेण घालायला लागलेत. शरणप्पा वाळून कोळ झालाय. आज स्वामींसमोर गळ्यातल्या लिंगावर हात ठेव आणि म्हण, मला काय ऐकू येत न्हाय, हितनं म्होरं ताट मांडनार न्हाय. म्हणलीस तर सोन्यासारका संसार कर. न्हाय म्हणलीस तर बसवेशबरोबर मैंदर्गीला जा. भाकरीचं काम बंद. दानीचं सामान मी गोरगरिबाला वाटून टाकती."

"अक्का, मला ऐकू येतंय," दाक्षायणी म्हणाली.

"येतंय म्हणूनच तर म्हण, येत न्हाय."

"लिंगावर हात ठिवून खोटं बोलू?"

बसवेश खाली बघत म्हणाला, "तायी, तोंडानं म्हणायचं तेवडं. मनात काय बी ठेव."

ऐका आता! देवावर हात ठेवून खोटं बोल म्हणजे तू शहाणी, खरं बोललीस तर तू वेडी. जगाचा न्याय असाच असतो, आणि तो सांगायला बहुतेक वेळा घरचीच माणसं येतात. दाक्षायणीनं स्वामींकडं पाहिलं. स्वामी म्हातारे, आता हात थरथरायचे. त्यांनी विभूतीची पिशवी मांडीवर घेतली होती. मग तिनं नवऱ्याकडं पाहिलं.

"तुमी सांगा. तुमी म्हणाल तसं."

शरणप्पानं घसा खाकरला. सगळी त्याच्या तोंडाकडं बघायला लागली. "दाक्षा," तो म्हणाला, "कुनी येत न्हाय गं. काय आवाज न्हाय. म्हण तेवडं."

आणि तो हे म्हणत असताना टिक धावायला लागलं.

दाक्षायणीनं डोळे मिटले. इतके दिवस तो आवाज संथ असायचा, आज त्याला धाप लागली होती. टिकटिकटिक. त्याच्या खाली आणखी एक आवाज होता, धपधप, माणसाच्या काळजाचा. दोन्ही एका लयीत. नवरा बोलायचा थांबला, तसं टिक थोडं ओसरलं. अक्का म्हणाली, "ऐकलंस?" आणि त्यानं दीर्घ श्वास घेतला, तसं टिकही एकदाच, सावकाश, झालं.

मेलेल्या पोरीला धाप कशी लागंल? दाक्षायणीनं स्वतःलाच विचारलं. श्वास कशाला लागंल तिला?

ती उठली. डोळे मिटलेलेच. अक्का "कुटं चाललीस?" म्हणाली, बसवेश उठायला लागला, पण ती सरळ चालत दारापाशी गेली. कांद्याचा वास. त्याच्या खाली साबण, दानीचा, आणि पोरीच्या मानेचा तो घामट गोड वास, जो जगात फक्त आईला ठाऊक असतो. तिनं हात पुढं केला आणि तळवा शरणप्पाच्या छातीवर ठेवला. तळव्याखाली टिक झालं.

"शर्ट काढा," ती म्हणाली.

"दाक्षा..."

"काढा म्हणती मी!"

शरणप्पा आपलं लिंग पूर्वीपासून पांढऱ्या फडक्यात गुंडाळून गळ्यात बांधायचा. फडकं तेच होतं. पोरगी गेल्यापासून तो आंघोळीनंतर भिंतीकडं तोंड करून पूजा करायचा आणि रात्री बाहेरच्या खोलीत शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावून झोपायचा, पण दुःखात कोण कुणाच्या गुंड्या बघतं? दाक्षायणीनं फडक्याची गाठ सोडली. आतून चांदीची करडगी निघाली. झाकणावर दुधाच्या दातांच्या खुणा.

अक्काचं तोंड उघडं राहिलं. आत थापटणं बंद झालं.

शरणप्पा भिंतीला घसरत खाली बसला. जन्मात एवढं बोलला नसेल तेवढं तो त्या दिवशी बोलला. "खड्ड्यात उतरलो. स्वामी म्हणले लिंग द्या. खिशात हात घातला, करडगी हाताला लागली, पन हात भाईर येईना. शेवटचं तेवडंच ऱ्हायलं हुतं. मग पाठमोरा झालो, गळ्यातलं माजं काडलं आन् स्वामींच्या हातात दिलं. पोरीला अंधाराची भीती. म्हणलं, बापाचं कायतरी जवळ असू दे. करडगी आदी यार्डातल्या पेटीत ठिवली, मग ऱ्हावंना म्हणून गळ्यात बांदली. तुला सांगनार हुतो. पन माजं लिंग मातीत आन् मी वर, हे कंच्या तोंडानं सांगू? लोक थुकले असते. रोज म्हणायचो, उद्या सांगू."

 ईरय्या स्वामींनीच तर ते लिंग पोरीच्या तळहातावर ठेवलं होतं. "शिव शिव," ते म्हणाले. "बाप लेकराचं घालतो, लेकराच्या हाती बापाचं. फार चुकीचं झालं, शरणप्पा. माती उकरावी लागेल."

"हात लावून तर बघा मातीला," दाक्षायणी म्हणाली.

ती ओरडली नव्हती. पण बसवेश पुन्हा खाली बसला.

"माज्या लेकीच्या हातात तिच्या बापाचं हाय. ते तसंच ऱ्हाईल. ते त्यानी चोरून न्हाय दिलं, जीव तोडून दिलंय. त्याचा मला राग न्हाय." मग ती नवऱ्याकडं वळली, आणि तिच्या आवाजाला आता खरी धार चढली. "राग कशाचा हाय सांगू? मी रोज ईचारत हुते, बंद्या? तुमच्या छातीवर वाजत हुतं आन् तुमी ताटात बघत हुता. डाक्टरीणबाईसमोर मान हलवली. गल्ली मला येडी म्हणली, तुमी ऐकून घेतलं. आपली लाज झाकायला तुमी माजं डोकं गहाण टाकलं! लेक तर गेलीच हुती, तुमी मलाबी पुरायला निगाला हुता."

शरणप्पानं तोंड झाकून घेतलं. तो हुंदके देत होता आणि तिलाही ते ऐकवत नव्हतं, तिच्या कानांना तर अजिबातच नाही. पण तिनं कान झाकले नाहीत.

"रडू नगा. सांगा आता. ह्या सगळ्यांसमोर सांगा, मी येडी हाय का?"

"न्हाय," तो म्हणाला.

"मोट्यांदा. रस्त्यावर ऐकू जाऊ द्या."

"न्हाय! दाक्षा येडी न्हाय! तिला ऐकू येत हुतं ते खरं हुतं!"

समोरच्या घरांच्या दोन खिडक्या उघडल्या. राजाबाई चुलीपासून उठून दारात आली आणि खिडक्यांकडं बघत म्हणाली, "ऐकलं का गं? का अजून येकदा वरडू दे?" खिडक्या लागल्या.

अक्का मोठी चिवट बाई. तिनं पदर सावरला. "बरं, झालं ते झालं. आता ती करडगी स्वामींच्या हवाली कर. तेच तिची येवस्था लावतील."

दाक्षायणीनं मुठीतली करडगी आणखी घट्ट धरली. "ही मी घालनार."

"हे काय बाई नवीनच!" अक्का उसळली. "तुजं तुज्या गळ्यात हाय की. येका गळ्यात दोन चालत न्हाईत. सांगा हो स्वामी हिला."

"चालत नाही, बाळ," स्वामी हळूच म्हणाले. "ज्याचं त्यानंच घालायचं. एका अंगावर दोन लिंगं शास्त्राला मान्य नाहीत."

दाक्षायणी त्यांच्यासमोर जाऊन बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. करडगी त्यांच्या थरथरत्या तळहातावर ठेवली.

"स्वामी, हीच करडगी तुमीच माज्या गळ्यात बांधली हुती. आठव्या महिन्यात. हितंच, ह्याच सोप्यात. माजं येक आन् तिचं येक. तवा शास्तर काय म्हणलं हुतं?"

स्वामींनी अंगठ्यानं झाकणावरच्या दातांच्या खुणा चाचपल्या.

"तवा लेकरू पोटात हुतं," अक्का म्हणाली.

"आन् आता कुटं हाय?" दाक्षायणीनं विचारलं. "तवाबी ती कुनाला दिसत न्हवती. तवाबी फकस्त मलाच कळायचं ती हाय म्हणून. तवा कुनी मला येडी म्हणलं न्हाय."

 बाहेर बसवेशच्या भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, तो आवाज दाक्षायणीच्या कपाळातून आरपार गेला आणि ती जागची हलली नाही. बऱ्याच वेळानं ईरय्या स्वामींनी विभूतीची पिशवी उघडली. बोटांनी तिच्या कपाळावर विभूती ओढली. मग करडगीचा दोरा हातात घेतला, आणि हात इतके कापत होते की गाठ बसेना. शेवटी बसवेश पुढं झाला आणि त्यानं स्वामींचे हात धरून बहिणीच्या मानेमागं गाठ मारली.

शरणप्पाला स्वामींनी पुढं नवीन लिंग दिलं. त्यासाठी जे चार लोक बोलवायचे, जे सांगायचं, ते त्याला सगळं तोंडानं सांगावं लागलं, आणि दाक्षायणी त्याच्या शेजारी बसून होती. त्याच्याशी ती नीट बोलायला लागली ते मात्र फार उशिरा. अक्का वैरागला गेली ती अजून आली नाही, दिवाळीला चटणीचा डबा मात्र मागवते. दाक्षायणी पाठवते, तिखट जरा जास्त घालून.

कान बरे झाले का, असं कुणी विचारलं तर ती म्हणते, बरे कशाला व्हायचे, ते काय आजारी हुते व्हय? लसूण अजून टोचतो. मुसळाचा घाव अजून डोक्यात बसतो.

पण त्या दुपारी गाडी रिकामी परत गेल्यावर ती उठली, पदर खोचला आणि राजाबाईला म्हणाली, "सरक. दुपारभर येकच भाकरी बडवत बसलीस." पिठाचा गोळा घेतला आणि थापायला वाकली. वाकल्याबरोबर गळ्यातल्या दोन करडग्या एकमेकींना लागल्या. हात थांबला. मग ती पुन्हा वाकली, आणि या वेळी तिनं विचारलं नाही. तिनंच उत्तर दिलं.

"बंदे," ती म्हणाली, आणि भाकरी थापायला लागली.